डाव्या दाराचा पोचा

ठोकमामांना टीव्हीसमोर बसवलं ते त्यांच्या लेकीने, आणि तेही अगदी नाइलाजाने.

मामा डेंटर, लेक डेंटिस्ट. या दोन शब्दांवर ओळखीतल्या प्रत्येकाने एकदा तरी विनोद केला होता आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटायचं. लेकीचा दवाखाना घराच्या तळमजल्यावर, पुढच्या खोलीत. वरच्या मजल्यावर मामा, मामी आणि ती.

मामांनी एक्केचाळीस वर्षं एकाच गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकले. लोकांनी कुठेतरी ठोकलेली गाडी आणायची आणि मामांनी ती पुन्हा ठोकून सरळ करायची, म्हणून ठोकमामा. त्या ठोकाठोकीत उजवा कान पूर्ण गेला. डावा राहिला, पण तो स्वतःच्या मर्जीने चालायचा. मग दिवस बदलले. दार चेपलं की दारच बदला, बॉनेट वाकलं की नवं बॉनेट लावा. गॅरेजचा मालक एक दिवस म्हणाला, "मामा, रोज कशाला दगदग करता? मंगळवार-शुक्रवार येत जा." मामा काय समजायचं ते समजले आणि उरलेले दिवस लेकीच्या दवाखान्यात जाऊन बसायला लागले.

तिथे ते गप्प बसते तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. पण बाकावर वाट बघत बसलेल्या माणसाला ते तोंड उघडायला लावायचे, आत डोकावायचे आणि निकाल द्यायचे. वाकड्या दाताच्या एका गृहस्थांना ते म्हणाले, "काढायचा म्हणते ती? काही गरज नाही. आतून टेकू द्यायचा आणि बाहेरून दोन ठोके. बरोबर लायनीत येतो." गृहस्थ उठले ते थेट घरी गेले, चपला घालायलाही थांबले नाहीत. त्याच आठवड्यात लेकीने अर्ध्या भिंतीएवढा टीव्ही आणला, वरच्या खोलीत लावला, मामांच्या हातात रिमोट दिला आणि खाली जाऊन दवाखान्याचं आतलं दार लावून घेतलं.

दोन दिवस मामांनी टीव्हीकडे संशयाने पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांना त्यात एक गॅरेज दिसलं, आणि ते बसले ते बसलेच.

कुठल्यातरी लांबच्या देशातलं गॅरेज होतं. फरशी अशी लख्ख की तिच्यावर जेवायला बसावं. मालक छपराखालीसुद्धा काळा चष्मा लावून फिरायचा. रंगकाम करणाऱ्या मुलीच्या दोन्ही हातांवर खांद्यापर्यंत गोंदण होतं. एक काटकुळा वायरमन होता, तो सतत काहीतरी शोधत असायचा. आणि पत्र्याच्या कामाला एक दाढीवाला होता. दाढी छातीपर्यंत, दंड मांडीएवढे, हातोडी हातात घेतली की ती चमच्यासारखी दिसायची.

दर भागात तेच व्हायचं. एक भंगार गाडी यायची आणि सात दिवसांत तिची महाराणी करायची. तिसऱ्या दिवशी भांडण. पाचव्या दिवशी एखादा पार्ट चुकीचाच यायचा. सहाव्या दिवशी मालक पाना फेकायचा. सातव्या दिवशी शेवटच्या मिनिटाला गाडीवरचं कापड ओढलं की जिची गाडी ती व्यक्ती तोंडावर हात धरून रडायची. हे सगळं पाठ असूनही मामी दर पाचव्या दिवशी म्हणायच्या, "आता काही होत नाही बाई यांचं." मामींना तो चष्मेवाला मालक आवडायचा. त्याला आईने वेळेवर चार गोष्टी सांगितल्या असत्या तर सुधारला असता, असं त्यांचं मत होतं.

मामांना भांडणं ऐकूच यायची नाहीत. त्यांना फक्त पत्रा दिसायचा, आणि दाढीवाला दिसायचा, आणि त्याचा हात दिसायचा.

"हातोडी धरलीय की लाटणं? मनगटातून मार, मनगटातून. खांदा कशाला घालतोस मधे? त्या पत्र्याने तुझं काय घोडं मारलंय?"

"त्याला ऐकू जात नाही," मामी म्हणायच्या.

"मलाही जात नाही. म्हणून मी काम वाईट केलं का?"

हातोडीचा ठोका नीट ऐकता यावा म्हणून मामा टीव्हीचा आवाज शेवटच्या काडीपर्यंत वाढवायचे. बरोबर चार वाजता वरच्या मजल्यावरून ग्राइंडरची किंचाळी खाली उतरायची आणि खाली खुर्चीत आ वासून पडलेला माणूस खुर्चीचे दोन्ही हात गच्च पकडायचा. लेक तोंडावरचा मास्क खाली ओढत वर यायची.

"बाबा, माझ्या पेशंटना वाटतं, वर मोठ्या दाढांचा विभाग आहे."

मग आवाज दोन काड्या कमी व्हायचा, आणि ती जिना उतरेपर्यंत पुन्हा वाढायचा.

असं वर्षभर चाललं. मग एका बुधवारी त्या गॅरेजात एक लांबलचक जुनी गाडी आली आणि दाढीवाल्याने तिचं दार हाताने घडवायला घेतलं. मामा पुढे सरकून बसले. दार बऱ्यापैकी आलं होतं. पण कॅमेरा बाजूने फिरला तेव्हा वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावर पडलं, आणि ती सरळ रेष दाराच्या मधोमध येऊन सापासारखी वळली. पत्र्यात लाट होती. मामा वाट बघत राहिले, की आता हा पुन्हा हातोडी उचलेल. दाढीवाल्याने डबा उचलला. डब्यात गुलाबी पुटी होती, म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायचं मलम. ती त्याने पात्याने थापली. चांगली अंगठ्याएवढी जाड. मग घासली, मग गोंदणवालीने वरून रंग मारला, आणि चष्मेवाला छाती पुढे काढून जगाला सांगायला मोकळा झाला, की हे दार निव्वळ हाताने घडवलेलं आहे.

मामा उठले. जिना उतरले. दवाखान्याचं बंद दार त्यांनी उघडलं. त्यांच्यामागे रिमोट हातात घेऊन मामीही उतरल्या.

"चोर आहे तो," मामा म्हणाले.

"बाबा, पेशंट आहे."

खुर्चीत ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई होत्या. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवलेल्या बाई, वय पासष्ट, आज अक्कलदाढ काढायला आलेल्या. अर्धं तोंड बधिर, डोळे छताकडे.

"असू दे. पुटी लावली त्याने. अंगठ्याएवढी."

"कोणी?"

"दाढीवाल्याने."

"मग काय आभाळ कोसळलं? मी दिवसभर दुसरं काय करते? खड्डा दिसला की बुजवायचा."

"दात आणि पत्रा एक झालं का? दाताला आतून हात घालता येत नाही. दाराला येतो. हात घालता येत असताना जो पुटी लावतो तो कामचोर."

आता मामींना राहवेना. "वर्षभर त्या बिचाऱ्याला नावं ठेवताय. त्याने निदान टीव्हीवर सगळ्यांसमोर केलं. तुम्ही दाखवा की करून सात दिवसांत एक गाडी. पुटी न लावता."

"सात कशाला? पाच बस झाले."

खुर्चीतून आवाज आला, "आही ह्या."

तिघेही वळले. लेकीला बधिर तोंडांची भाषा येत होती. तिने सांगितलं, "'माझी घ्या' म्हणतायत."

बाईंची अडचण अशी होती, की टाके पडल्यावर आठवडाभर त्यांना तोंड फार उघडायचं नव्हतं, आणि गाडी शिकवणं म्हणजे सगळा ओरडण्याचा कारभार. आठवडाभर गाडी नुसती उभीच राहणार होती. ही गाडी त्यांनी पंचवीस वर्षं वापरली होती. इंजिन दोनदा बदललं, गाडी बदलली नाही. एके काळी ती पांढरी होती. आत ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक बाईंच्या. बाहेरून ती अशी दिसायची, जशी कोणी मुठींनी तिंबून ठेवलेली कणीक.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरामागच्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली. मामांनी गॅरेजात आठवड्याची रजा कळवली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पाचाचे मुकाट्याने सात केले.

पहिला दिवस खडूने गोल काढण्यात गेला. मामा डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचे, हात जिथे अडखळेल तिथे गोल. डोळ्याला न दिसणारी खळगी तळहाताला कळते, हे त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं, आणि शिकवताना डोळे उघडले की टपली मारली होती. संध्याकाळपर्यंत गाडीवर इतके गोल झाले की तिला गोवर आल्यासारखा दिसायला लागला.

बाई गालाला बर्फाची पिशवी लावून समोर खुर्ची टाकून बसल्या. एकीला बोलता येत नव्हतं आणि एकाला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे गप्पा झकास चालल्या. बाई शाळेच्या जुन्या अर्जांच्या पाठीवर लिहायच्या आणि कागद वर धरायच्या. बॉनेटवरचा मोठा पोचा एका बँक मॅनेजरचा, ते तेव्हा साधे कारकून होते. मागच्या बंपरवर एक नवराबायको, एकाच दिवशी, एकाच खांबाला, अर्ध्या तासाच्या अंतराने. पुढच्या उजव्या दारावर सध्याचे एक न्यायाधीश, ज्यांनी त्याही वेळी चूक खांबाचीच ठरवली होती.

मामांना वाटलं, बाईंचं मन यात गुंतलं असेल. ते म्हणाले, "एखादा ठेवू का मग? आठवण म्हणून?"

बाईंनी लिहिलं, "एकही ठेवू नका. आठवायला डोकं आहे मला."

मग मामा कामाला लागले. एका हातात डॉली, म्हणजे मुठीत मावणारा लोखंडी ठोकळा. ती पत्र्याच्या आतून टेकवायची आणि बाहेरून हातोडीने ठोकायचं, हलक्या हाताने, कडेकडून मधे. जिथे पत्रा ताणून फुगला असेल तिथे तो तापवायचा आणि ओल्या फडक्याने चटकन थंड करायचा, की तो आक्रसून जागेवर येतो. ठक ठक ठक ठक. दवाखान्यातल्या लोकांना आधी वरून आवाज यायचा, तो आता मागून यायला लागला. लेकीने काही म्हणायचं सोडून दिलं होतं.

मामी रोज सकाळी चहाचा कप गाडीच्या छपरावर ठेवायच्या आणि टीव्हीतल्या त्या घोषणा करणाऱ्या माणसाच्या आवाजात सांगायच्या, "आता फक्त सहा दिवस." "आता फक्त पाच." मामा चिडायचे आणि हातोडीचा वेग वाढायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाना फेकला. मामींनी बजावलं की पाना सहाव्या दिवशी फेकायचा असतो.

चौथ्या दिवशी मामा गाडीच्या डाव्या बाजूला आले.

मागचं डावं दार. हँडलखाली हंडा मावेल एवढा पोचा आणि त्यातून निघालेली घडी थेट खालच्या पट्टीपर्यंत. घडीत जुना गंज. बाकीचे पोचे शिकाऊ लोकांचे, घाबरत घाबरत पडलेले. हा पोचा पूर्ण वेगात पडला होता.

"हा कोणाचा हो?"

बाई बर्फाच्या पिशवीकडे बघायला लागल्या. मग त्यांनी लिहिलं, "तुमची मुलगी पेशंटची माहिती बाहेर सांगते का?"

मामांनी तो दिवस त्या दाराला दिला. पत्रा यायचा आणि जायचा. दाबला की आत, सोडला की टप् करून बाहेर, डब्याच्या झाकणासारखा. पाचवा दिवसही तसाच चालला होता. दुपार कलली तेव्हा मामांच्या लक्षात आलं की आज 'फक्त तीन दिवस' असं कोणी म्हटलेलं नाही. चहा आला होता, पण तो उजव्या बाजूच्या चाकापाशी ठेवला होता. चार वाजले. वरून टीव्हीचा आवाज आला नाही. मामी मागच्या दारात उभ्या होत्या आणि पदराने कोरडेच हात पुसत होत्या.

"तो माझा आहे," त्या म्हणाल्या.

"काय तुझं?"

"पोचा."

"पोछा? मोरीत असेल. मला काय विचारतेस?"

मामींनी मोठा श्वास घेतला आणि दवाखान्याच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा पोचा मी पाडलाय."

खिडकीतून येणारं, आत बसलेल्या लोकांचं बोलणं थांबलं. लेकीचं मशीनही थांबलं.

मामांनी हातोडी खाली ठेवली. "कधी?"

"बावीस वर्षं झाली. मी शिवणक्लासला जात होते ना."

"हो. जायचीस."

"शिवणक्लासला नव्हते जात. अकरा दिवस बाईंकडे जात होते."

मामांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली.

"मला वाटलं, तू शिवण शिकलीस."

"बावीस वर्षांत या घरात मी शिवलेली उशीची एक खोळ तरी पाहिलीत?"

मामांनी खरोखरच आठवून पाहिलं. पाहिली नव्हती.

मामी सांगत गेल्या. अकराव्या दिवशी बाईंनी उजवीकडे वळायला सांगितलं आणि तो रस्ता नेमका मामांच्या गॅरेजचा निघाला. मामा बाहेरच एका मडगार्डवर वाकून बसले होते. त्यांनी मान वर केली तर आपण दिसणार, या भीतीने मामींनी गाडी गॅरेजमागच्या बोळात घातली, जरा जास्तच जोरात. बोळाच्या तोंडाशी सिमेंटचा खांब होता. बाईंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला, पण तोवर खांबाने आपलं काम केलं होतं.

"आणि मग?"

"मग आम्ही पळालो."

"ई म्हहं, ऱहा," बाई म्हणाल्या, म्हणजे पळा असं मीच म्हटलं.

"ती तुमच्याकडेच दुरुस्तीला आणावी लागली असती. म्हणून बाईंनी ती तशीच ठेवली."

"पण मला सांगायचं होतंस. मी काय खाल्लं असतं तुला?"

"सांगणारच होते. त्या दिवशी तुम्ही घरी आलात, हात धुतलेत, पाटावर बसलात आणि म्हणालात, 'आज गॅरेजच्या मागे कोणीतरी शिकाऊ बाई खांबाला धडकून पळाली. असल्यांच्या हातात स्टेअरिंग देतातच कशाला? झारा द्यावा.' तुम्ही हसलात. आपली लेक हसली, तेव्हा सहावीत होती. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून गेले नाही."

मामांना हे काही केल्या आठवेना. आठवत असतं तर बरं झालं असतं, निदान तो एकच दिवस असता. असलं वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा फेकलं असेल याचा हिशोब नव्हता. गॅरेजात ते चहाबरोबर चघळलं जायचं, त्यात कोणाची बायको मोजली जात नसे. त्यांचे कान गरम झाले, निकामी कानसुद्धा. काहीतरी बोलायला हवं होतं आणि त्यांना बोलता यायचं ते फक्त पत्र्याबद्दल.

"जोरात धडकली होतीस," ते म्हणाले.

"हो."

"खालच्या पट्टीपर्यंत गेलंय."

"हो का?" मामींनी वाकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर किंचित अभिमान आला आणि त्यांनी तो लपवला नाही.

मामांना मग दुसरी गोष्ट सांगायची होती आणि ती हळूच, फक्त मामींना ऐकू जाईल अशी. पण ज्या माणसाला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही त्याला कुजबुजणं कुठून जमणार? ते म्हणाले, "चुकलं माझं," आणि ते दवाखान्यात, समोरच्या घरात आणि पलीकडच्या इस्त्रीवाल्यापर्यंत गेलं. इस्त्रीवाल्याने हातातली इस्त्री उभी केली आणि पुढचं काही येतंय का, याची वाट पाहिली.

"ऐकलं सगळ्यांनी," मामी म्हणाल्या. "पुरे आता."

"मग इकडे ये. हात घाल आत."

दाराचं आतलं आवरण मामांनी आधीच काढलं होतं. तिथून त्यांचा पंजा घडीपर्यंत पोचतच नव्हता, दोन दिवस ते त्यामुळेच अडले होते. मामींचा हात सहज गेला. त्यांनी डॉली आतून टेकवली.

"आवळून धरू नकोस. नुसती टेकव. मी मारेन तिथे तुला आपोआप कळेल."

पहिल्या ठोक्याला मामींनी डॉली पाडली. दुसऱ्याला त्यांनी मामांना एक शब्द ऐकवला, जो लग्नाला छत्तीस वर्षं होऊनही मामांनी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. विसाव्या ठोक्यानंतर त्या म्हणाल्या, "खाली मारताय तुम्ही. मी वर आहे." मामांनी पाहिलं, खरंच खाली मारत होते. उजेड होता तोवर दोघं त्या दाराला भिडून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. त्या दिवशी दुपारी टप् आवाज करणारा पत्रा गप्प झाला, आणि घडी वर आली.

पूर्ण आली नाही. मामांनी डोळे मिटून हात फिरवला. हँडलखाली एक बारीकशी लाट राहिली होती. आणखी दोन दिवस मिळते तर तीही काढली असती. पण रंग लागायला एक दिवस हवा होता आणि गॅरेजातला रंगारी उद्या सकाळी येणार होता. मामा बराच वेळ दारासमोर उकिडवे बसले. मग उठून शेडमध्ये गेले आणि पुटीचा डबा घेऊन आले.

मामींनी डब्याकडे पाहिलं. "अंगठ्याएवढी?"

"कागदाएवढी."

"दाढीवालाही असंच म्हणत असेल."

मामांनी पात्यावर पुटी घेतली, पातळ ओढली, आणि पातं पुसता पुसता म्हणाले, "त्यालाही सातच दिवस होते."

सातव्या दिवशी सकाळी रंगारी आला आणि त्याने पांढरा रंग मारला. दुपारपर्यंत रंग वरवर सुकला होता. वरवर म्हणजे हात लावू नये इतपत. पण गाडीवर कापड नसेल तर ओढणार काय, असं म्हणून मामींनी पलंगावरची धुतलेली चादर आणून गाडीवर घातली. रंगारी नको नको म्हणेपर्यंत घालून झाली होती. लेक हातमोजे न काढताच बाहेर आली, तिच्यामागे दोन पेशंट, त्यातल्या एकाच्या तोंडात कापूस. बाई समोर उभ्या राहिल्या. मामींनी टीव्हीतल्या आवाजात तीन, दोन, एक म्हटलं आणि चादर ओढली. चादर बॉनेटवरून आली, काचेवरून आली आणि छपराला चिकटली. मामांनी एका बाजूने आणि रंगाऱ्याने दुसऱ्या बाजूने ती हळूहळू सोडवली. छपरावर चादरीतली सगळी वेलबुट्टी, देठापानांसकट, उमटली होती.

"वर शाळेचा बोर्ड येतो ना," मामा म्हणाले. "दिसणार नाही."

कोणीही रडलं नाही. बाईंनी गाडीला एक चक्कर मारली, मग उलट्या बाजूने दुसरी. डाव्या दारापाशी त्या थांबल्या, वाकून तिरकं पाहिलं, मान हलवली. आठवड्यातलं त्यांचं पहिलं स्वच्छ वाक्य होतं, "डावा आरसा हलतोय."

मग त्यांनी चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि मामींना म्हणाल्या, "बसा."

"आत्ता? अशी?"

"अकरा दिवस झाले होते. आज बारावा."

मामींनी पदर खोचला आणि बसल्या.

बाईंकडे एकच वेळ मोकळी होती, दुपारी चारची. त्यामुळे मामा आता कार्यक्रम एकटेच बघायला लागले. बोलायचे ते तसंच, पण ऐकायला कोणी नसल्यामुळे बोलण्यातली धार जरा कमी झाली. मामी आल्या की चहा पिताना ते त्यांना वृत्तांत सांगायचे. आज पार्ट चुकीचा आला. आज चष्मेवाल्याने पाना फेकला, तुझा लाडका. आज दाढीवाल्याने मडगार्ड बरं ठोकलं, मनगटातून. मामी त्यावर आपला वृत्तांत सांगायच्या. आज चढावर गाडी बंद पडली. आज बंद पडली नाही. आज एका बसवाल्याने हॉर्न मारला, तर मी काच खाली करून त्याला विचारलं, घाई आहे का. बाई म्हणाल्या, ही तुमची पहिली योग्य कृती.

परीक्षेला त्या एकदा नापास झाल्या. रिव्हर्स घेताना खांब पडला. परीक्षा घेणारा साहेब बाईंचाच जुना विद्यार्थी होता, पण त्याने कागदावर फुली मारताना मुळीच संकोच केला नाही. मामी घरी येऊन दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या मोकळ्या जागेत तेलाचे रिकामे डबे उभे केले आणि महिनाभर त्यांच्यामधून गाडी उलटी नेली. दुसऱ्या वेळी पास झाल्या. साहेबाने वय विचारलं. एकसष्ट, त्या म्हणाल्या, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे हेही त्यालाच विचारलं.

त्या रविवारी बाईंनी गाडी दिवसभरासाठी दिली. मामींची थोरली बहीण चाळीस किलोमीटरवर राहायची. बाईंनी मामांना शेजारच्या सीटवर बसवलं, आणि त्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक असल्यामुळे हुकूम सोडला, "पाय वर घ्या. खाली सोडायचे नाहीत."

मामा चाळीस किलोमीटर सीटवर मांडी घालून बसले. गिअर बदलताना गाडीतून जो आवाज येत होता तो सुदैवाने त्यांना ऐकू येत नव्हता. दोनदा त्यांचा उजवा पाय आपणहून सुटून खाली निघाला. दोन्ही वेळा मामींनी रस्त्यावरची नजर न हलवता फक्त "हं" म्हटलं आणि पाय परत गेला. एका ट्रकच्या मागे त्या बराच वेळ राहिल्या, मग आरशात पाहिलं, वळायचा दिवा लावला आणि ट्रकच्या पुढे निघाल्या. मामांनी ट्रकवाल्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो बिडी ओढत होता, त्याला यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. मामांना त्याचा थोडा रागच आला.

बहिणीच्या घरासमोर मामींनी गाडी लावली. लावली म्हणजे चौथ्या प्रयत्नात, पण फुटपाथला घासू न देता. बहीण दार उघडून पायरीवर आली.

"अगं, कशा आलात? आत्ता तर कुठली बसही नसते."

"गाडीने," मामी म्हणाल्या आणि किल्ली कमरेला खोचली.

बहिणीने गाडीकडे पाहिलं. डाव्या बाजूने मामा आपले मुंग्या आलेले पाय एकेक करून बाहेर काढत होते. ते काही गाडी चालवत आलेले दिसत नव्हते. बहिणीने रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकली, मग घाईने आत गेली आणि पाण्याचा तांब्या नि फुलपात्र घेऊन परत आली.

"ड्रायव्हर कुठे गेला तुमचा? उन्हाचा आलाय बिचारा, त्याला आधी पाणी द्या."

मामींनी फुलपात्र हातात घेतलं, काठोकाठ भरून घेतलं आणि पायरीवर उभ्या उभ्याच एका दमात रिकामं केलं.